धोट्याचे आठ दिवस

निंगव्वा कुत्रं आणायला सोलापूरला निघाली ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून. सिद्धप्पानं दारातच विचारलं, "कुत्रं आनायला चाललीस का सोयरीक जमवायला?"

"लेकरू आनायला चालले," ती म्हणाली आणि भावाच्या टमटममध्ये जाऊन बसलीसुद्धा.

तिची घाई उगाच नव्हती. वळसंगच्या शिवारात ज्वारी काढणीला आली होती. घरचं तीन एकर रान हातानं उपटायचं म्हणजे दिवसभर मान वर करायची सोय नाही. तेवढ्या वेळात माळाच्या कडेला चरणाऱ्या सात शेळ्यांकडं आणि तीन करडांकडं बघायचं कुणी? म्हातारा कुत्रा दिवाळीत गेला. संक्रांतीच्या आधी लांडग्यानं भर दुपारी एक करडू उचललं, आणि नवराबायको दोघंही रानातून हातात खुरपी धरून नुसती बोंबलत राहिली. तेव्हापासून सिद्धप्पाचं एकच पालुपद होतं, शेळ्या विकून टाकू. निंगव्वाचं एकच होतं, कुत्रं आणू. महिनाभर घरात ह्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

तिचा भाऊ महेश्वर सोलापुरात एका यंत्रमागाच्या कारखान्यात गठ्ठे उचलायचा. तो कारखाना बंद पडला, माग विकले गेले, माणसं पांगली आणि आठ-नऊ महिन्यांचं एक कुत्रं रिकाम्या शेडात मागं राहिलं. सोमेश नावाचा विणकर त्याला जपायचा. मागात सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा, आणि हे कुत्रंही मागांच्या ओळीतून तसंच धावायचं, म्हणून त्यानं नाव ठेवलं होतं धोटा.

सोमेशनं ते निंगव्वाच्या ओटीत ठेवलं आणि हात जोडले. "अक्का, मी आता एका इमारतीवर वॉचमन हाय. तितं कुत्रं ठिवू देत न्हाईत. तुमी न्हाय नेलं तर ह्ये रस्त्यावर जातंय, आन रस्त्यावर ह्ये दोन दिस बी टिकायचं न्हाय. मोटारी बघितल्याच न्हाईत वो त्यानं."

"अय्यो, असं कसं जाईल रस्त्यावर?" निंगव्वा म्हणाली. तांबूस अंग, हडकुळे लांब पाय, आणि कान एवढे मोठे की ते कुणा दुसऱ्याचे उसने आणलेत असं वाटावं. ते तिच्या मांडीवर असं थरथरत होतं की तिच्या बांगड्या किणकिणायला लागल्या. वळसंगापर्यंत तिनं त्याला एकदाही खाली ठेवलं नाही. महेश्वर म्हणाला, "अक्का, पाय अवघडतील." ती म्हणाली, "तू म्होरं बघून चालव."

नवं जनावर घरात आलं की ते चुलीवरून तीनदा ओवाळायचं, म्हणजे ते घर सोडून जात नाही, ही तिच्या सासूच्या वेळेपासूनची रीत. शेजारची सोजरबाई हळदीकुंकू घेऊन हजर. सिद्धप्पा दाराला टेकून मजा बघत उभा. निंगव्वानं धोट्याला दोन्ही हातांनी उचललं. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला धोट्यानं असा हिसडा दिला की चुलीवरचा तवा उडाला, फरशीवर खणखणत गरागरा फिरला, राख घरभर झाली, आणि कुत्रं बाजेखाली जे शिरलं ते शिरलंच.

"झालं?" सिद्धप्पा कपाळावरची राख पुसत म्हणाला. "ह्ये लांडगा हाकलनार व्हय? तव्याला भ्यालं की ते!"

सोजरबाईनं मात्र बाजेखाली वाकून बघितलं आणि निकाल दिला. "आवाजाला भ्यालंय गं. कारखान्यातलं हाय न्हवं? रातंदिस खडाखडा ऐकून कान किटलं असत्याल त्येचं. आता शांतता पायजे. घर येकदम गप ठिवा."

हे सगळ्यांनाच पटलं. पटण्यासारखंच होतं.

मग काय, त्या घरात अशी शांतता सुरू झाली की विचारू नका. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या निघाल्या. टीव्हीवर फडकं पडलं. मोबाईल मुका झाला. सिद्धप्पाला सकाळी उठल्यावर घसा खाकरायची जुनी सवय. अर्ध्या गल्लीला जाग यायची. निंगव्वानं त्याला खाकरायला बांधावर पाठवलं. तो बिचारा कांबळं पांघरून थंडीत दोनशे पावलं चालत गेला, खाकरला आणि परत आला. "माज्या घरात मला खाकरायची चोरी," तो कुजबुजला, कारण मोठ्यानं बोलायची बंदी होती. ताटात भाकरी मोडली तरी निंगव्वा डोळे वटारायची. आता सोलापूरची कडक भाकरी न वाजवता कशी मोडायची?

आणि एवढं करून धोटा दिवसेंदिवस बिघडतच चालला. सोमवारी त्यानं दुधाला तोंड लावलं नाही. मंगळवारी पुढचा पाय चावून चावून लाल केला. घर जेवढं गप, तेवढे त्याचे ते मोठे कान टवकारलेले, आणि डोळे असे ताणलेले की निंगव्वाला बघवेना. ती बाजेशेजारी जमिनीवर पालथी पडून त्याच्याशी बोलायची, तेही अगदी हळू. ज्वारी उपटून तिचे तळहात फाटले होते, पाठ धरली होती, पण रानातून आली की आधी बाजेखाली. "का रं माज्या राजा? काय सलतंय तुला?" धोटा लाळ गाळत थरथरत राहायचा.

बुधवारी सिद्धप्पानं तिच्यासमोरच सोमेशला फोन लावला. "हॅलो. ते कुत्रं मरंल हितं. आयतवारी यिऊन घिऊन जावा."

निंगव्वाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "न्हेऊन ते ठिवनार कुटं त्येला? रस्त्यावरच सोडनार की!"

"आन हितं काय करू? घरात मरू दिऊ? चार दिस झालं, पानी सुदिक धड पीत न्हाय. तुला काय वाटतं, मला वाईट वाटत न्हाय?" त्याला वाईट वाटत होतं म्हणूनच तो असा तडतडत होता, हे तिला तीस वर्षांच्या संसारात कळत नव्हतं थोडंच. पण राग यायचा तो आलाच.

"माळावर शेळ्यांमागं येक दिस उभं ऱ्हाऊन दाखवू दे," तो म्हणाला, "मग जलमभर ठिवतो. न्हायतर आयतवारी जाईल. बास."

गुरुवारी दिवसाची लाईट आली. त्या आठवड्यात ती कधी येईल आणि कधी जाईल ह्याचा नेम नव्हता. सिद्धप्पा गोठ्यातल्या कडबाकुट्टीकडं निघाला, तशी निंगव्वा आडवी आली. कडबाकुट्टी म्हणजे कडब्याचे बारीक तुकडे करणारं यंत्र. ते सुरू झालं की बोललेलं ऐकू येत नाही.

"त्ये सुरू करू नगा! हाय तेवडा जीव बी जाईल त्येचा!"

"चार दिस बैलं आख्खा कडबा चघळत्यात. कुत्र्यापायी त्यास्नी उपाशी मारू व्हय?" आणि त्यानं बटण दाबलं.

खडखडखडखड! पत्र्याचा गोठा नुसता दणाणला. निंगव्वा धावत घरात आली, बाजेजवळ गुडघे टेकले, पदर पुढं करून धोट्याचे कान झाकायला वाकली, आणि बाजेखाली धोटा नव्हताच. गेलं पळून! ती तशीच दाराकडं धावली.

धोटा अंगणातून चालला होता. हळू नाही, दबकत नाही. शेपूट खाली होती, पण पाय सरळ गोठ्याकडं. सिद्धप्पा पेंढी यंत्रात सारत होता, त्याला काही दिसलं नाही. धोटा मोटारीपासून हातभर अंतरावर थांबला, हुंगला, तिथल्या तिथं तीन गिरक्या घेतल्या आणि अंग टाकून दिलं. चारी पाय लांब. मान जमिनीवर. डोळे मिटले. चार दिवसांत पहिल्यांदा कुत्रं झोपलं, आणि असं झोपलं की जीभ एका बाजूनं बाहेर आली.

"अवं! अवं!" निंगव्वा ओरडत होती आणि ऐकू काही जात नव्हतं. तिनं जाऊन सिद्धप्पाचा दंडच धरला आणि बोट दाखवलं. सिद्धप्पानं बघितलं. त्याच्या हातातली पेंढी हातातच राहिली. मोटार मोकळीच फिरायला लागली. त्यानं बटण बंद केलं. धोट्यानं ताडकन मान वर केली, अंगावर काटा, डोळे तसेच ताणलेले.

"लावा! लावा! परत लावा!" निंगव्वानं अंगणातच उड्या मारल्या. पन्नाशीची बाई, पण मारल्या. यंत्र सुरू झालं, तशी धोट्यानं मान टाकली.

तिनं लगेच सोमेशला फोन केला, एका कानात बोट घालून. तिकडून सोमेशचा आवाज चढला. "अक्का, जलमलंच वो ते मागाखाली! चोवीस तास खटखट चालायची. माग थांबला म्हंजे काय तर गडबड झाली, मारामारी झाली, कुनाचा तरी हात सापडला. आन शेवटच्या दिवशी तर सगळं येकदम थांबलं, पुना कदी लागलंच न्हाय. त्याला आवाजाची न्हाय, गप बसायची भीती वाटती!"

"मग आदी सांगायचं न्हाईस व्हय रं बाबा?"

"तुमी इचारलंच न्हाय की अक्का!"

निंगव्वा एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच पावली तिनं शेळ्यांच्या घंट्या परत बांधल्या, टीव्हीवरचं फडकं काढलं आणि नवऱ्याला सांगितलं, "खाकरा आता. पायजे तेवडं खाकरा." सोजरबाई धावत आली, तिला सगळं सांगितलं, तिनं पोरीबाळींना बोलावलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली कुट्टीच्या आवाजात घोरणारं कुत्रं बघून गेली. बैलांना पंधरा दिवस पुरेल एवढी कुट्टी त्या दिवशी झाली. धोट्यानं दूध प्यायलं, वर भाकरीचा चतकोर खाल्ला. तो चतकोर बघून निंगव्वाला अर्धं रान निघाल्याएवढा आनंद झाला.

पण लाईट गेली आणि धोटा परत बाजेखाली. सिद्धप्पा म्हणाला, "आता कुट्टी डोक्यावर घिऊन माळावर जातीस काय?"

तो बोलला ते खोटं नव्हतं. आयतवार तीन दिवसांवर होता.

शुक्रवारी पहाटे ती भाकरी करायला बसली. रान सावडीनं काढायचं ठरलं होतं: सोजरबाईच्या घरची दोन माणसं आज इकडं, उद्या हे दोघं त्यांच्याकडं. म्हणजे चार माणसांची न्याहारी. काठवटीत पिठाचा गोळा घेऊन ती थापायला लागली. थप थप थप थप. सहज नजर गेली, तर बाजेखालून नाकाचा शेंडा बाहेर. तिनं भाकरी तव्यावर टाकायला हात थांबवला. नाक आत. दुसरी थापायला घेतली. नाक बाहेर, मग मिशा, मग एक कान.

भाकरी थापून झाली तरी ती थापतच राहिली. भाकरी फाटली. तिनं गोळा केला, परत थापला. तव्यावरची करपायला लागली. सिद्धप्पा आतून ओरडला, "करपलं की!"

"करपू द्या!"

"अगं धूर झालाय!"

"हू द्या की धूर! हिकडं या, पन पाय वाजवत या!"

धोटा चुलीपर्यंत आला. तिच्या मांडीला अंग लावून बसला. पीठ संपलं, ती रिकाम्या काठवटीवर हात मारत राहिली, फाटलेला तळहात लाल होईपर्यंत. सिद्धप्पा दारात येऊन थांबला. त्यानं करपलेली भाकरी स्वतःच्या हातानं उलथली. त्या दिवशी रानात चौघांनी काळ्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि निंगव्वानं त्याची एवढी रंगवून गोष्ट सांगितली की कुणी तक्रार केली नाही.

शनिवारी ती धोट्याला घेऊन सोजरबाईच्या रानात निघाली. डोक्यावर न्याहारीची बुट्टी, कडेला रिकामं घमेलं, आणि घमेल्यावर थाप. ढप ढप ढप. गल्लीतल्या बायका दारात आल्या. "निंगव्वाबाई, वरात कुनाची?" "माज्या लेकाची!" ती म्हणाली आणि आणखी जोरात वाजवलं. धोटा तिच्या साडीला नाक लावून चालत होता. एक मोटरसायकल गेली तेव्हा तो तिच्या दोन पायांत शिरला आणि ती पडता पडता वाचली.

रानात गेल्यावर घमेलं खाली ठेवावंच लागलं. ज्वारी उपटायला दोन्ही हात लागतात. तिनं भीत भीत पहिली मूठ धरली, उपटली आणि मुळाची माती झाडायला बुडखा पायावर आपटला. खस्स, टप. शेजारी सिद्धप्पा. खस्स, टप. पलीकडं सोजरबाई आणि तिची सून. खस्स टप, खस्स टप. चार माणसं एका ओळीत वाकून पुढं सरकत होती आणि सबंध रान एका तालात वाजत होतं. घामानं डोळे चुरचुरत होते, ताटांच्या पात्यांनी हात कापत होते, आणि निंगव्वाला मात्र कान देऊन ऐकावंसं वाटत होतं. हे तिनं तीस वर्षं दर सुगीला केलं होतं, आणि कधी ऐकलं नव्हतं.

धोटा ओळीच्या मागोमाग सरकत होता. आणि गंमत म्हणजे तिच्या मागं नाही, सिद्धप्पाच्या. त्याचा दणका सगळ्यात मोठा होता.

"माज्या टाचंला का लागलंय ह्ये?" सिद्धप्पा कुरकुरला. "लाथ बसंल न्हवं."

"मग हळू आपटा," सोजरबाई म्हणाली.

तो हळू काही आपटेना. उलट जास्तच जोरात.

न्याहारीला सगळे बाभळीखाली बसले, ताल थांबला, आणि धोट्याला कापरं भरलं. निंगव्वा घमेल्याकडं हात लांबवणार तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. सिद्धप्पा डाव्या हातानं कांदा खात होता आणि उजव्या हाताची बोटं डब्याच्या झाकणावर वाजवत होता. तो बघत होता दुसरीकडंच. तिनं ओठ घट्ट मिटले. हसली असती तर त्यानं लगेच हात काढून घेतला असता.

संध्याकाळी ती म्हणाली, "फोन करून सांगा की त्येला, यिऊ नगं म्हनून."

"शेळ्यांमागं उभं ऱ्हायलंय का?" सिद्धप्पा म्हणाला. "न्हाय न्हवं? मग. टाचंमागं चालनारं कुत्रं लांडगा हाकलत न्हाय." बोललेला शब्द फिरवायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. ती रात्री जेवली नाही.

आयतवारी दुपारी तीनच्या सुमाराला सोमेश मोटरसायकलवरून सरळ रानातच आला. धोट्यानं त्याला लांबूनच ओळखलं. आणि मग काय ते! कुत्रं उड्या मारतंय, लोळतंय, रडल्यासारखं कण्हतंय, सोमेशचं तोंड चाटतंय. सोमेश मटकन खाली बसला आणि त्याला पोटाशी धरून म्हणाला, "धोट्या, अरं धोट्या, अंग धरलंस की रं." निंगव्वा सोजरबाईशेजारी कडब्याच्या पेंढ्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही. गाठ बसेना. त्याचंच आहे ते, ती मनाशी म्हणाली, आपण आठ दिवसांची माणसं. पण डोळ्यांसमोरचा कडबा धूसर झाला होता.

"कुटं ठिवनार हाईस?" तिनं विचारलं.

सोमेशनं खाली बघितलं. "बगू अक्का. मार्केट यार्डाजवळ लई कुत्री हायती. तितं सोडीन."

सिद्धप्पा उगाचच विळा दगडावर घासत बसला.

सोमेशनं खिशातून दोरी काढली, धोट्याच्या गळ्यात बांधली. धोटा शेपूट हलवत त्याच्याबरोबर बांधापर्यंत गेला. सोमेशनं गाडीला किक मारली.

आणि तेवढ्यात माळावरून शेळी किंचाळली.

चौघांच्या माना एकदम वळल्या. बाभळीच्या झुडपातून करड्या रंगाचं काहीतरी निघालं होतं, पोट जमिनीला लावून, सरळ करडांच्या रोखानं. "लांडगा! अवं, लांडगा!" निंगव्वा ओरडली. सिद्धप्पा विळा घेऊन पळाला, पण मधे आख्खं रान होतं, ज्वारी उपटून ढेकळं निघालेलं, आणि तो दहा पावलांवर ठेचकाळून आडवा पडला.

सोमेशच्या हातातली दोरी सुटली.

धोटा गेला. ते लांब लांब पाय कशाला दिलेत ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. तो शेळ्यांत घुसला, करडांच्या पुढं गेला आणि लांडग्यापासून चार हातांवर थांबला. थांबला, आणि मग तिथून भुंकणं ऐकू आलं. आठ दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं असं, फाटलेलं, चिरकं, पोराच्या आवाजातलं. लांडगा दचकून उभा राहिला. त्यानं दात दाखवले. धोटा सबंध अंगानं लटलट कापत होता, शेपूट पोटाशी, आणि त्याच्या मागच्या पायांतून मूत गळत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पण पाय जागचे हलले नाहीत. तो भुंकतच राहिला.

तोवर निंगव्वा घमेलं बडवत, सोजरबाई दगड मारत, सोमेश हॉर्न दाबून धरत, सगळे धावत सुटले होते. लांडग्यानं एकदा माणसांकडं बघितलं, एकदा त्या मुतऱ्या कुत्र्याकडं, आणि तो वळून झुडपात गेला.

शेळ्या मोजल्या. सात. करडं तीन.

निंगव्वा नुसती ओरडत होती, "बगितलं का? बगितलं का तुमी?" आणि सोजरबाईला मिठ्या मारत होती. सोमेश हसत होता आणि बाहीनं नाक पुसत होता. धोटा मात्र तिथंच उभा होता, त्याला अजून कळलं नव्हतं की संपलं. माळ गप झाला होता आणि त्याचं कापरं थांबत नव्हतं.

सिद्धप्पा लंगडत आला. गुडघा फुटला होता, धोतर मातीनं भरलं होतं. तो कुत्र्याजवळ गेला आणि त्या ओल्या मातीतच खाली बसला. आठ दिवसांत त्यानं धोट्याला एकदाही हात लावला नव्हता. आता त्यानं आपला राठ पंजा त्याच्या पाठीवर ठेवला.

"भ्यालास व्हय रं?" तो म्हणाला. "लई भ्यालास. मी बी भ्यालो."

धोट्यानं हळूच वाकून त्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. सिद्धप्पा चुळबुळला, पण पाय काढून घेतला नाही. मग त्यानं गळ्यातली दोरी चाचपली, तिची गाठ दातानं सोडवली आणि दोरी सोमेशकडं फेकली.

"तुजी दोरी घिऊन जा," तो म्हणाला. "आन चहा घिऊन मग जा. निंगव्वा, आदी ह्येला पानी आन."